‘रोबोट नाही, अंदाजाने कापतात’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमच्या आईंचं मुंबईतलं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. एक स्टार दिलात, त्याचं काही नाही. पण ‘चिपळुणात रोबोट नाही म्हणून अंदाजाने कापतात, मुंबईत रोबोटने स्वतः आत बघून पित्ताच्या नळ्या हिरव्या चमकवून दाखवल्या’ हे गावातले इतरही वाचणार, म्हणून लिहितोय. आईंच्या तब्येतीबद्दल इथे चारचौघांत काही बोलणार नाही. पित्ताच्या खड्यांचं तुम्हीच लिहिलंय, तेवढंच धरतो.

रोबोट स्वतः काही बघत नाही, ठरवतही नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलापाशी बसून हात हलवतो आणि आतली अवजारं तशी हलतात. दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र मिळतं, त्यामुळे खोली कळते. हाताची थरथर आत पोचत नाही, अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं. हे फायदे खरेच आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल, किंवा किडनी वाचवून फक्त गाठ काढायची असेल, तर मी स्वतः चिठ्ठी देऊन रोबोट असलेल्या ठिकाणी पाठवतो.

हिरव्या रंगाचं मात्र रोबोटशी काही नातं नाही. इंडोसायनिन ग्रीन हे औषध 1959 पासून वापरात आहे. ते शिरेतून दिलं की यकृत रक्तातून उचलतं आणि पित्तात सोडतं. मग डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश टाकला की पित्तनलिका उजळतात. तो उजेडही डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर हिरवा रंग चढवतो. म्हणजे ही करामत कॅमेऱ्याची. तसा कॅमेरा साध्या लॅप्रोस्कोपीतही, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने करतात त्या ऑपरेशनातही, वापरता येतो आणि आमच्या थिएटरमध्ये तो आहे. तुम्ही विचारलं असतंत तर दाखवला असता. पण तो प्रकाश 5 ते 10 मिलिमीटरपलीकडे फारसा पोचत नाही. सुजलेल्या, चरबीने झाकलेल्या पित्ताशयात नेमकी गरज असते तेव्हाच चित्र धूसर होतं. आयोडीनची ॲलर्जी असेल तर हे औषध जपून, शक्यतो टाळूनच.

दुसरं, स्पर्शाचं. बाजारात बांगडा दाबून बघितल्याशिवाय आपण घेत नाही. पण रोबोटवर इतकी वर्षं सर्जनला ऊतक मऊ की कडक हे बोटांना कळतच नव्हतं. धागा किती ताणला गेलाय, हे तो नजरेने ओळखायचा. दा विंची या ऑपरेशनच्या रोबोटच्या 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पाचव्या पिढीत जोर मोजणारी अवजारं आली, म्हणजे उणीव होती हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. लॅप्रोस्कोपीत लांब दांड्यातून का होईना, थोडी जाणीव हाताला होते.

अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या दहा लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2023 मध्ये ‘जामा सर्जरी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण रोबोटने 0.7 टक्के, तर लॅप्रोस्कोपीने 0.2 टक्के होतं. जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यावरून रोबोट वाईट असं मी म्हणणार नाही. पण ‘रोबोट म्हणजे बिनचूक’ हेही त्यातून निघत नाही. शिवाय रोबोटची अवजारं ठरावीक वापरांनंतर टाकून द्यावी लागतात, तो खर्च शेवटी बिलातच येतो. खड्यांसाठी नेहमीच्या ऑपरेशनला एवढा भुर्दंड मला पटत नाही.

रोबोटबद्दल ‘गरज नाही’ हे उत्तर तुम्हाला उद्धट वाटलं. ते मीच दिलं होतं, आणि उद्या कुणी विचारलं तरी तेच देईन.

आई गावी परतल्या की मुंबईचं डिस्चार्ज कार्ड आणि पित्ताशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घरच्या फाइलला लावून ठेवा. डोळे पिवळे दिसले, ताप आला किंवा पोटात दुखायला लागलं, तर सकाळच्या गाडीची वाट न बघता रात्रीच घेऊन या. येताना ते कागद आणायला विसरू नका.