आड एकच, चुली पंचवीस

बीड, परभणी, लातूरकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "शाळेच्या लॅबसाठी बिनडिस्कचे कॉम्प्युटर घेऊ नका. सगळं काम सर्व्हरच करतो, त्यामुळं पंचवीस लेकरं बसली की लॅब रांगते. सर्व्हर बसला की सगळंच बसलं. एकाचा व्हायरस सगळ्यांना लागतो. इंटरनेट नसेल तर उपयोग शून्य." अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शाळेत मी अशीच लॅब सांभाळतो. हा मेसेज वाचून ओळखीच्या दोन मुख्याध्यापकांनी ठरलेली लॅब रद्द केली, म्हणून हे लिहितोय.

"सगळं काम सर्व्हरच करतो", घोळ इथूनच सुरू होतो. तसं थिन क्लायंटमध्ये होतं, जिथं समोरची मशीन फक्त पडदा आणि कीबोर्डपुरती असते. बिनडिस्कची मशीन वेगळी: तिच्यात स्वतःची हार्ड डिस्क नसते, फाइली सर्व्हर नावाच्या एका सामायिक कॉम्प्युटरवरून येतात. गावच्या आडाचं पाणी सगळे भरतात, पण भाकरी ज्याच्या त्याच्या चुलीवर भाजते. मशीन चालू केली की तिचं नेटवर्क कार्ड सर्व्हरकडून पत्ता मागतं, कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टीमचा गाभा, उतरवून घेतं आणि पुढच्या फाइली एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या पद्धतीनं, येतात. प्रोग्रॅम मात्र लेकरासमोरच्या प्रोसेसरवर, त्याच मशीनच्या रॅममध्ये चालतो.

मग लॅब रांगते कशानं? बहुतेक वेळा स्विचनं, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबली जिथं जोडतात त्या पेटीनं. 100 एमबीपीएसच्या जुन्या स्विचमधून सर्व्हरला सेकंदाला फार तर 12.5 एमबी देता येतात, म्हणजे पंचवीस जणांत प्रत्येकी अर्धा एमबी. गिगाबिटचा स्विच आणि सर्व्हरला गिगाबिट कार्ड बसवलं की तोच वाटा 5 एमबी होतो, तोही सगळ्यांनी एकाच क्षणी मागितलं तर. आणि वर्गात सगळे एकच लिब्रेऑफिस उघडतात. पहिल्या लेकरासाठी डिस्कवरून वाचलेली फाइल सर्व्हरच्या रॅममध्ये राहते, उरलेल्या चोवीस जणांना ती तिथूनच मिळते. सर्व्हरला महागडा प्रोसेसर नको, रॅम भरपूर हवी.

सर्व्हर बसला की लॅब थांबते, हे खरं आहे. पण आपल्याकडची लाइट आठवा. पूर्वी आमच्याकडे पंचवीस डिस्क होत्या. लाइट गेली की एखादीची फाइल सिस्टीम बिघडायचीच, आणि शनिवारची दुपार विंडोज टाकण्यात जायची. आता जपायची ती एकच पेटी: तिला चांगला यूपीएस, आत एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क, आणि आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. सन मायक्रोसिस्टिम्सनं 1984 साली एनएफएस बनवलं, तेव्हाच सर्व्हर मध्येच बंद पडणार हे धरून चाललं होतं. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण ठेवली, म्हणजे सर्व्हरला मागचं काही लक्षात ठेवायला नको. 'हार्ड' पद्धतीनं जोडलेली मशीन उत्तर येईपर्यंत विचारत राहते. गेल्या पावसाळ्यात सर्व्हरची केबल निसटली आणि पंचवीस पडदे गोठले. लेकरं घाबरली. केबल बसवल्यावर काम जिथल्या तिथून सुरू झालं, एकाचंही टायपिंग गेलं नाही. त्या दिवशी माझाच जीव भांड्यात पडला!

व्हायरसचं तर उलट आहे. सगळ्यांना मिळणारी मूळ सिस्टीम फक्त वाचता येते. लेकरानं तिच्यात काही बदल केला तर तो त्याच्या मशीनच्या रॅममध्ये राहतो, रीस्टार्ट केलं की गेला. टिकतं ते फक्त त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधलं.

खरा धोका दुसरीकडे आहे, मेसेजमध्ये त्याचा शब्दही नाही. साध्या मांडणीत एनएफएस मशीननं सांगितलेल्या युजर नंबरवर विश्वास ठेवतं. कुणी स्वतःचा लॅपटॉप स्विचला जोडला, किंवा पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली, तर दुसऱ्याचा नंबर सांगून त्याच्या फाइली उघडता येतात. म्हणून स्विच कुलपात, बायोसला (मशीन कशावरून चालू व्हायची ते ठरवणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड, आणि लॅबचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं. हिशेबाचे कागद तर या सर्व्हरवर ठेवूच नका.

इंटरनेट लागत नाही. स्विच आणि केबल पुरे.

घ्यायचं ठरवलं तर रॅमवर काटकसर करू नका. डिस्क नाही म्हणजे रॅम भरली की उरलेलं डिस्कवर सरकवायला (स्वॅपला) जागा नाही, आणि ब्राउझर उघडणार असाल तर प्रत्येक मशीनला 4 जीबी तरी हवी. टायपिंगच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर तेवढ्यापुरत्या दोन-तीन मशीन डिस्कवाल्या ठेवा. आमच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या दोन तशाच आहेत.