राजाची शपथ घेता येईना म्हणूनच तर तो अ‍ॅबर्डीनला गेला

काल रात्री काकांनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, आणि सकाळपर्यंत तोच मला अजून तीन ग्रुपवर दिसला. त्यात म्हटलंय की अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचा (म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या पंथाचा) पहिला बिशप सॅम्युएल सीबरी यानं इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन पद मिळवलं, म्हणून ते चर्च आजही राजघराण्याच्या ताब्यात आहे. पुढे, या घराण्यात पाच पिढ्या पाद्रीपण वतनासारखं चाललं, त्यांचे कागद तळघरात कुलूपबंद आहेत, आणि तसंही पाद्र्यांच्या कागदांत प्रवचनांशिवाय काय असणार, रद्दीच ती. त्याखाली काकांनी स्वतः लिहिलंय, "आबांच्या वह्यांचंही तेच, गोणी काढून टाकू." हे शेवटचं वाक्य नसतं तर मी सोडून दिलं असतं.

आधी शपथेचं बघू, कारण ते इतकं उलटं आहे की वाचून डोकं फिरतं. १७८३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या वुडबरी गावात दहा पाद्री जमले, त्यांनी सीबरीला निवडलं आणि तो बिशपपदाची दीक्षा घ्यायला लंडनला गेला. तिथे वर्षाहून जास्त काळ अडकून पडला, का तर इंग्लंडच्या कायद्यात बिशप होताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावीच लागायची, आणि स्वतंत्र झालेल्या देशाचा बिशप ती घेणार कशी? आर्चबिशपला पार्लमेंटच्या कायद्याशिवाय ती माफ करता येईना. शेवटी सीबरी स्कॉटलंडला गेला आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला अ‍ॅबर्डीनमध्ये, बिशप स्किनरच्या घरातल्या माडीवर, किल्गर, पेट्री आणि स्किनर या तीन स्कॉटिश बिशपांनी त्याला दीक्षा दिली. आता हे तिघं कोण? ज्यांच्या पंथानं १६८९ पासून इंग्लंडच्या नव्या राजांची शपथ नाकारली आणि त्यापायी कायद्याचा जाच सोसला, ते लोक! म्हणजे शपथ न घेणाऱ्यांकडून, शपथ न घेता तो बिशप झाला, आणि फॉरवर्डवाले म्हणतात शपथ घेऊन झाला. पुढे १७८६ मध्ये पार्लमेंटनं परदेशी बिशपांना शपथेतून सूट देणारा कायदाच केला, म्हणून तर १७८७ मध्ये व्हाइट आणि प्रोव्होस्ट या पुढच्या दोन अमेरिकन बिशपांना लंडनमध्येच दीक्षा मिळाली.

एक मान्य करावं लागेल, नाइलाजानं. अमेरिकन क्रांतीच्या वेळी सीबरी राजाच्या बाजूचा होता हे खरं आहे. १७७४ मध्ये त्यानं शेतकऱ्याच्या नावानं अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसविरुद्ध पत्रकं लिहिली, ज्यांना तरुण अलेक्झांडर हॅमिल्टननं (पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला तो) उत्तर दिलं, १७७५ मध्ये त्याला पकडून न्यू हेवनला कैदेत ठेवलं, नंतर तो ब्रिटिश बाजूच्या एका रेजिमेंटचा पाद्रीही झाला. पण त्यावरून आजचं चर्च राजाच्या ताब्यात कसं जातं?

वतनाचं एका ओळीत. पाच पिढ्या पाद्री झाल्या हे बरोबर, पण बिशपचं पद त्याच्या मुलाला, चार्ल्सला, मिळालं नाही, १७९७ मध्ये अब्राहम जार्विस निवडून आला. चार्ल्स लाँग आयलंडवरच्या सेटॉकेटच्या साध्या चर्चमध्ये राहिला. सहाव्या पिढीतला सॅम्युएल तर जज्ज होता, त्याच्या चौकशीमुळे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयरला राजीनामा द्यावा लागला.

आणि कुलूपबंद? बिशपची पत्रं बिअर्ड्स्ली नावाच्या कनेटिकटच्याच पाद्र्यानं १८८१ मध्ये चरित्रासकट छापली, लंडनहून पाठवलेली सगळी रडकथा त्यात आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येते. मूळ कागदांचा मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीकडे, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेकडे, गेला आणि त्यावर काम करून इतिहासकारांनी पुस्तकं लिहिली. पोस्ट लिहिणाऱ्यानं त्यातलं एक पत्र वाचलं असतं तरी शपथेचा मुद्दा टाकला नसता.

राहिली रद्दी. पाद्री लोक प्रवचनाच्या कागदावर ते कुठे आणि कधी दिलं हे टिपून ठेवायचे, तेच प्रवचन वीस वर्षांनी दुसऱ्या गावात दिलं तर तीही तारीख. लंडनच्या मिशनरी सोसायटीला रिपोर्ट जायचे, किती बाप्तिस्मे झाले, किती जण कम्युनियनला (प्रभुभोजनाच्या विधीला) आले, पगार कसा थकलाय. ज्या गावाचं दुसरं काही उरलं नाही तिथली माणसं या कागदांत सापडतात. आणि घराण्याला लाज वाटावी असंही राहतं, बिशपच्या नातवानं १८६१ मध्ये गुलामगिरीचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं, ते का लिहिलं हे समजून घ्यायला हेच घरातले कागद लागतात.

आबांच्या वह्यांतही तेच आहे काका, कुठल्या गावात, कुठल्या तिथीला, कुठलं आख्यान लावलं, बिदागी किती मिळाली, मी लहानपणी पाहिलंय. रविवारी मी येऊन गोणी घेऊन जातो. तोवर रद्दीवाल्याला बोलावू नका.