‘केमिकलचा फेस’ आणि एक खवय्या

स्पेनमधल्या ‘एल बुली’ या गाजलेल्या हॉटेलावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक खवय्या’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अनेकांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी ती अख्खीच्या अख्खी देतो, नाहीतर सोयीचं तेवढं उचलल्याचा आरोप व्हायचा:

“लेख वाचला. ज्या हॉटेलच्या पायरीवर कधी पाय ठेवला नाही त्याच्याबद्दल इतकं भरभरून लिहिण्याचं आपलं धाडस कौतुकास्पद आहे. केमिकल घालून काढलेला फेस श्रीमंतांना विकायचा, फुकटात राबणारी पोरं ठेवायची आणि वर त्याला कला म्हणायचं! त्या पन्नासच्या याद्या म्हणजे आपसातली वाटावाटी. आमच्या गावच्या खानावळीत शंभर रुपयांत याहून प्रामाणिक जेवण मिळतं. असो. विकिपीडिया वाचून लिहिणाऱ्यांकडून वेगळी अपेक्षा नाही.”

उत्तर खाली दोन ओळींत उरकणार होतो, पण ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

खवय्येसाहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. माझ्या मिसळीवरच्या लेखाखाली कोल्हापूरकरांनी आणि पुणेकरांनी मला आळीपाळीने धुतलं, तेव्हा मी हू की चू केलं नाही. पण ‘धाडस कौतुकास्पद’ ही शाबासकी आहे की चपराक, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. ‘तुमचं हे पटलं नाही’ असं सरळ लिहिता आलं असतं. शेवटी ‘असो’ म्हणायचं आणि मग चिमटा काढायचा, ही पद्धत मला चांगली माहीत आहे. आमच्या नात्यातल्या लग्नांत पंगतीला बसलेली काही मंडळी असंच बोलतात, आणि तीच मंडळी जिलबी दोनदा मागून घेतात.

आता विकिपीडिया. मी हॉटेल मॅनेजमेंट करून मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात ट्रेनी म्हणून लागलो. आधी बल्क किचनमध्ये पोत्यांनी कांदा चिरला, मग गार्द मांजेत, म्हणजे थंड पदार्थांच्या विभागात, सॅलडची पानं निवडली, मग कॉमी, म्हणजे सगळ्यात खालचा स्वयंपाकी, म्हणून गरम शेगडीवर उभा राहिलो. पुढे क्रूझवर गेलो. केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, वाजायला लागल्या की माणसाचं काय होतं, मिझाँ, म्हणजे आधी चिरून-मापून ठेवलेली तयारी, अपुरं असलं की पिकअपला, म्हणजे ताटं बाहेर जायच्या वेळी, कशी बोंब होते, हे मी कुठे वाचून शिकलेलो नाही. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग अजून आहेत. त्यामुळे फेस कसा काढतात हे मला ठाऊक आहे, आणि तो कसा फसतो हे त्याहून जास्त ठाऊक आहे. एल बुलीचं नाव झाल्यावर जगभरच्या हॉटेलांना जी फेसाची लागण झाली, तिच्यात आमचं हॉटेलही होतं. लेसिथिन, म्हणजे फेस धरून ठेवणारी भुकटी, घालून, हँड ब्लेंडर फिरवून बिटाच्या रसाचा फेस काढायचा असा वरून हुकूम आला. चमच्याने ताटात ठेवेपर्यंत गुलाबी, गुबगुबीत. किचनच्या पासवरून, म्हणजे ताटं बाहेर देतात त्या ओट्यावरून, उचलून वेटर बँक्वेट हॉलच्या टोकाला पोहोचेपर्यंत फेस बसलेला आणि माशाखाली गुलाबी पाणी. पाहुणे ते पावाने टिपून घेत होते. तुमचा राग अशा फेसावर असेल तर या, आपण दोघं मिळून रागावू. पण त्याचं बिल एल बुलीचा शेफ फेर्रान आद्रियाच्या नावावर फाडू नका.

‘पायरीवर पाय ठेवला नाही’ हे खरं आहे, आणि मी लेखात कुठेही ठेवल्याचा आव आणलेला नाही. ते हॉटेल वर्षातले सहा महिने बंद असायचं, उरलेल्या हंगामात सुमारे आठ हजार माणसं जेवायची आणि मागणी करणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात सांगितली जायची. 30 जुलै 2011 ला ते कायमचं बंद झालं. मीही ईमेल पाठवून नकार पदरात पाडून घेतला होता. पण तुमचा नियम लावायचा तर शिवराज्याभिषेकावर लिहिणाऱ्याने रायगडावर हजर असायला हवं होतं, नाही का? पदार्थांची नोंद हाच एल बुलीचा मोठा भाग. 1987 पासून बंद होईपर्यंतच्या प्रत्येक पदार्थाला त्यांनी क्रमांक दिला, फोटो आणि कृतीसकट छापून काढलं. हे क्रमांक 1846 पर्यंत गेले. कुठल्याही स्वयंपाक्याने ते उघडून करून पाहावं. पोळीत मीठ किती हे सुनेला न सांगणाऱ्यांच्या देशात बसून मला तरी याचं अप्रूप वाटतं.

आणि आता ‘केमिकल’.

पहिली गोष्ट, हा आक्षेप तुमचा नाही. 2008 साली स्पेनमधल्याच सांती सांतामारिया या शेफने तो जाहीरपणे घेतला होता. सांत सेलोनीतल्या त्याच्या कान फाबेस या हॉटेलाला मिशेलिन गाइडचे तीन तारे, म्हणजे त्यांचा सर्वोच्च मान, मिळाले ते आद्रियाच्याही आधी. मेथिलसेल्युलोजसारखे (दाटपणा आणणारे) पदार्थ ताटात असावेत का, गिऱ्हाइकाला ते सांगायला नको का, असं त्याने विचारलं आणि स्पेनमधल्या शेफ मंडळींत उभी फूट पडली. मला त्याचं पटत नाही, पण तो स्वतः चुलीपुढे उभा राहून, स्वतःच्या नावाने बोलत होता. टोपणनावाने नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे केमिकल नक्की आहे तरी काय. सोडियम अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. अगर लाल शेवाळापासून. अगर म्हणजे तुमच्या-आमच्या घरात ज्याचं ‘चायना ग्रास’ म्हणून पाकीट असतं तेच. साधी जिलेटिनची जेली गरम केली की वितळते. अगरची मात्र बरीच गरम होईपर्यंत टिकते. हे हेरून एल बुलीने 1998 साली गरमागरम जेली ताटात आणली. बाजारात मिळणारं भरलेलं ऑलिव्ह घ्या, त्याच्या पोटातली लाल मिरचीची पट्टी बहुतेक वेळा मिरचीचा लगदा अल्जिनेटने बांधून केलेली असते. ती पिझ्झावरून आपण गेली कित्येक वर्षं खातोय, तेव्हा कुणाला काही झालं नाही. बरं, परदेशाचं सोडा. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत का ठेवतात? चुन्यातलं कॅल्शियम फोडीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून उकळत्या पाकात फोड विरघळत नाही, बाहेरून कडक आणि आतून रसाळ राहते. अल्जिनेट आणि कॅल्शियमचं नातं थेट त्याच जातीचं आहे. पापडखार, खाण्याचा सोडा, ढोकळ्यातलं इनो, हे सगळं आजीच्या फडताळात असलं की संस्कार आणि आद्रियाच्या ओट्यावर असलं की केमिकल! हा न्याय मला समजत नाही.

यातली गंमत खरी कुठे आहे ते सांगतो, कारण मूळ लेखात मी ती दोन वाक्यांत उरकली होती. 2003 मध्ये त्यांनी जी पद्धत आणली तिच्यात रसात अल्जिनेट घालायचं आणि थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. थेंबाभोवती पातळ पापुद्रा धरतो आणि खरबुजाच्या रसाची मोत्यासारखी कॅव्हिआर (माशाच्या अंड्यांसारखे दिसणारे दाणे) तयार होते. अडचण अशी, की बाहेर काढून धुतल्यावरही कॅल्शियम आत झिरपत राहतं. थोड्या वेळात मोती आतपर्यंत घट्ट. म्हणजे केलं की लगेच ताटात गेलं पाहिजे. पिकअपला दोन मिनिटांचा उशीर किती सहज होतो हे किचनमध्ये काम केलेल्याला विचारा. दुसरी अडचण आंबटपणाची. मी घरी कैरीचं पन्हं घेऊन बसलो होतो. आंबट रसात अल्जिनेट नीट विरघळतच नाही, नुसत्या गुठळ्या. सायट्रेट घालून आंबटपणा मारावा लागतो, आणि आंबटपणा मारलेलं पन्हं कोण पिणार?

2005 मध्ये त्यांनी सगळं उलटं केलं. कॅल्शियम रसात, अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. हिरव्या ऑलिव्हचा रस काढायचा, त्यात कॅल्शियमचा क्षार आणि दाटपणापुरता झँथन हा डिंक मिसळायचा, अर्धगोल चमच्याने हलकेच अल्जिनेटच्या पाण्यात उतरवायचं. पापुद्रा आता बाहेरच्या बाजूने धरतो. साध्या पाण्यात धुतलं की घट्ट होणं तिथेच थांबतं. मग ती ऑलिव्हं लसूण, संत्र्याची साल आणि रोझमेरी घातलेल्या तेलात काचेच्या बरणीत ठेवायची, आणि पाहुण्यासमोर भोकाच्या चमच्याने एकेक काढून द्यायची. दिसायला ऑलिव्ह. दाताखाली आलं की फुटतं आणि तोंडभर ऑलिव्हचाच रस, ना बी ना गर. यात श्रीमंती कुठे आहे? ऑलिव्ह, पाणी, शेवाळाची भुकटी.

या उलट्या पद्धतीचा पुढचा मुक्काम तर आपल्या घराजवळचा आहे. दह्यात मुळातच कॅल्शियम असतं, त्यामुळे सरळ पद्धतीने दह्यात अल्जिनेट घालायला गेलात तर ते पातेल्यातच थिजतं. उलट्या पद्धतीने मात्र दही बरोबर जमतं. कोलकात्याचा गगन आनंद एल बुलीत शिकून गेला, 2010 मध्ये त्याने बँकॉकला स्वतःचं हॉटेल काढलं आणि चमच्यात दह्याचा एकच गोळा ठेवला. 2015 पासून सलग चार वर्षं ते आशियातलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल ठरलं. तिथे मात्र मी जेवलोय, लांगसुआनच्या गल्लीतल्या त्या पांढऱ्या बंगल्यात. चमचा तोंडात घातला, गोळा फुटला आणि दहीवड्याच्या ताटलीत शेवटी बोट फिरवून चाटतो ती चव आली: दही, जिरं, मीठ, किंचित गोड. शेजारच्या टेबलावरचे जपानी पाहुणे डोळे मिटून बसले होते. मला हसू आवरेना.

खरं तर फेसही असाच. 1994 मध्ये एल बुलीने पांढऱ्या घेवड्याचा फेस समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या कवचात घालून दिला, तो मलई फुलवायच्या सायफनच्या बाटलीतून मलई न घालता काढलेला. दूध-अंड्याचा थर मध्ये नाही, म्हणून घेवड्याची चव जास्त उघडी. पोट भरायला तो कधीच नव्हता. तीसेक पदार्थांच्या जेवणात तो एक घास.

पोरं फुकटात राबत होती, हे बरोबर. दर हंगामाला तीसेक शिकाऊ मुलं बिनपगारी असत, राहणं-खाणं मिळायचं. मीही ट्रेनी असताना हातात यायचं ते लोकलच्या पासाला आणि वडापावला पुरायचं नाही, आणि मी त्याचं रडगाणं गायलं नाही. तिथून मुलं काय होऊन बाहेर पडली पाहा: रेने रेडझेपी, मासिमो बोत्तुरा, होसे आंद्रेस, सगळे जगभर नावाजलेले शेफ. रेडझेपीच्या कोपनहेगनमधल्या नोमा हॉटेलाने ऑक्टोबर 2022 पासून शिकाऊंना पगार सुरू केला आणि जानेवारी 2023 मध्ये हॉटेल आहे त्या रूपात चालवणं परवडत नाही असं जाहीर केलं. यातून काय घ्यायचं ते तुम्ही घ्या, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि तो इथे ओढून आणायचं कारण मला दिसत नाही.

श्रीमंतांचं म्हणाल तर शेवटच्या काळात माणशी अडीचशे युरोंच्या आसपास, वाइन वेगळी. महाग आहेच. पण वीस लाख मागण्या असताना आकडा दुप्पट केला असता तरी खुर्च्या भरल्या असत्या. त्यांनी तो केला नाही, हॉटेल तोट्यात चालवलं आणि पुस्तकं नि सल्लागारीवर भागवलं. नफेखोराचं लक्षण हे नव्हे.

एक मात्र मान्य करतो. ‘जगातली पन्नास सर्वोत्तम हॉटेलं’ या वार्षिक यादीला मी लेखात जास्त भाव दिला. 2002 मध्ये आणि मग 2006 ते 2009 एल बुली पहिलं आलं, हे मी जणू गुणपत्रिका असल्यासारखं मांडलं होतं. 2019 पासून तर एकदा पहिलं आलेलं हॉटेल पुन्हा यादीत घेतच नाहीत, म्हणजे ‘सर्वोत्तम’ दरवर्षी नवं शोधणं आलं. शीर्षकातला ‘जगातलं सर्वोत्तम’ हा शब्द काढून टाकलाय. बघा, सांगितलेलं आम्ही ऐकतो. नीट सांगितलेलं तर लगेच ऐकतो.

खानावळीबद्दल माझं भांडण नाहीच. मी स्वतः खानावळींवर लिहिलंय. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, किंवा तिथे टोचायला काही सापडलं नसेल. खानावळीतली मावशी रोज तीच आमटी त्याच चवीची करते, यात तिचं कसब आहे. काला मोंजोईतल्या (एल बुली जिथे होतं त्या खाडीवरच्या) माणसाने, म्हणजे आद्रियाने, कालचा पदार्थ आज करायचा नाही असं ठरवलं, यात त्याचं. एकाचं ताट उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घालायची गरज काय पडली? आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द जेवणाला लावताना जरा जपून. शंभर रुपयांच्या ताटातलं पनीर कशाचं असतं हे मी बाजारातून माल भरताना पाहिलंय. त्याला कुणी केमिकल म्हणत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिलंत तर जमल्यास स्वतःच्या नावाने लिहा. पुढचा लेख इटलीतल्या मोडेनाच्या बोत्तुरावर आहे: 24, 30, 36, 40 आणि 50 महिने मुरवलेलं एकच पार्मिजानो चीज, पाच रूपांत, एका ताटात. त्यातही फेस आहे, आधीच सांगून ठेवतो.