तिनं सैतानाला खोटं सांगितलं

गेल्या रविवारी आईसोबत एक जुना फ्रेंच सिनेमा पाहिला. 'ले व्हिझितर द्यु स्वार', म्हणजे संध्याकाळचे पाहुणे. दिग्दर्शक मार्सेल कार्ने, साल १९४२. आईला सबटायटल्स वाचायला वेळ पुरत नाही, म्हणून शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. दोन तासांच्या सिनेमाला तीन तास लागले, आणि आठवडा झाला तरी तो काही डोक्यातून जात नाही.

गोष्ट १४८५ सालच्या मे महिन्यातली. उघड्या माळावरून दोन स्वार येतात. जील आणि दोमिनिक. गाणारे भाट म्हणून ते बॅरन ह्यूगच्या गढीत शिरतात, पण त्यांना पाठवलंय सैतानानं. माणसांना प्रेमात पाडायचं आणि मग उद्ध्वस्त करायचं, हे त्यांचं काम. गढीत बॅरनच्या मुलीच्या, ॲनच्या, साखरपुड्याची मेजवानी चालू आहे. दोमिनिक (अभिनेत्री आर्लेती, पुरुषी वेशात, अंगावर काटा येईल इतकी शांत) वीणेसारख्या वाद्याची तार छेडते आणि नाचणारी जोडपी हळूहळू मंदावत जागच्या जागी थिजतात. कुणाचा हात हवेत, कुणाची मान अर्धी वळलेली. त्या थांबलेल्या गर्दीतून जील ॲनचा हात धरून तिला बाहेर बागेत नेतो. आई म्हणाली, "अगं, पुन्हा दाखव." पुन्हा दाखवलं.

पुढे जीलच ॲनच्या खऱ्याखुऱ्या प्रेमात पडतो, काम बिघडतं, आणि वादळी रात्री सैतान स्वतः दारात उभा राहतो. ज्यूल बेरीनं हा सैतान असा काही केलाय की बाकीचे सैतान विसरावेत. गोड बोलणारा, सतत हात नाचवणारा, शेकोटीपाशी बसून जाळाशी ओळखीच्या कुत्र्यासारखा खेळणारा. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, दोन माणसं एकमेकांत सुखी असणं.

या सिनेमाबद्दल वाचायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: सैतान म्हणजे हिटलर, प्रेमिक म्हणजे फ्रान्स. तेव्हाच्या बऱ्याच प्रेक्षकांनी तसं पाहिलं, आणि का पाहिलं हेही कळतं. पॅरिसमध्ये सिनेमा लागला ५ डिसेंबर १९४२ला. त्याच्या महिनाभर आधीच जर्मन फौजा फ्रान्सच्या दक्षिण भागातही घुसल्या होत्या. पण सैतानाला हिटलरचं नाव दिलं की काम झालं, असं मला वाटत नाही. माझ्या मते या सिनेमाचा कणा सैतान नाहीच. कणा आहे ॲनचं खोटं बोलणं.

सैतान ॲनला सांगतो, तू माझी हो, मी कैदेतल्या जीलला सोडतो. ती हो म्हणते. सैतान जीलला सोडतो, पण त्याची सगळी आठवण पुसून. मग तो वचनाची वसुली करायला येतो, तर ती सरळ सांगते की मी खोटं बोलले. सैतान हादरतो. इतकी निर्मळ पोर खोटं कसं बोलेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. निर्मळ माणसं शब्द पाळतात, या भरवशावर तर त्याचं सगळं दुकान चालतं. त्या क्षणी मी आईकडे पाहिलं. आयुष्यभर आम्हाला "खोटं बोलू नका" म्हणून ओरडणारी माझी आई मान हलवत म्हणाली, "बरं केलं तिनं."

आणि हा सिनेमा बनलाच मुळी तसल्या खोट्यावर! १९४० साली व्हिशी सरकारनं, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारनं, कायदा करून ज्यू माणसांना सिनेमाच्या धंद्यातून हुसकावलं होतं. नेपथ्यकार अलेक्झांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा, दोघेही बुडापेस्टहून आलेले ज्यू. ते दक्षिणेत लपून राहिले आणि लपूनच काम करत राहिले. नेपथ्याला नाव लागलं जॉर्ज वाकेविचचं, संगीताला मोरिस तिरिएचं. त्यांनी आपली नावं दिली नसती तर ही पांढरीशुभ्र गढी आणि जीलच्या तोंडची ती गाणी आपल्यापर्यंत आलीच नसती. (गढी फार कोरी करकरीत दिसते असा आक्षेप घेतात. अहो, १४८५ साली ती कोरीच असणार ना! पंधराव्या शतकातल्या सचित्र पोथ्यांमधले किल्लेही तसेच झळझळीत आहेत.) मेजवानीच्या गर्दीत पुढे मोठी नटी झालेली सीमोन सिन्योरेही आहे, तेव्हा कुणालाच माहीत नसलेली. वडील ज्यू, म्हणून तिनं आईचं माहेरचं आडनाव लावलं होतं. आणि जाक प्रेव्हेर आणि पिएर लारोश यांनी लिहिलेली ही कथा पंधराव्या शतकात नेली तीही सेन्सॉरच्या डोळ्यांखालून निसटावी म्हणूनच. आजच्या माणसांचं काही म्हणायची सोय नव्हती.

मेजवानीचा एक किस्सा सांगतात. रेशनचे दिवस, गर्दीतली माणसं खरोखर उपाशी. शॉट होण्याआधीच टेबलावरची फळं संपायला लागली, म्हणून फळांत फिनॉल हे विषारी जंतुनाशक टोचून ठेवावं लागलं. हे वाचल्यापासून ती भरलेली ताटं पाहताना घास घशात अडकतो.

सिनेमा संथ आहे, हे खरं. आलें क्युनीचा जील काही वेळा फारच कोरड्या चेहऱ्यानं बोलतो, आणि बॅरन आणि त्याचा होणारा जावई यांच्या भांडणात माझंही मन लागलं नाही. पण शेवटासाठी हे सगळं सोसावं.

कारंज्यापाशी ॲनला पाहून जीलला सगळं आठवतं. संतापलेला सैतान दोघांना दगड करून टाकतो. आई पटकन म्हणाली, "अहल्येसारखं." हो, पण अहल्येला रामाच्या पायाची वाट पाहावी लागली. इथं कुणी येणार नाही, शिळा शिळाच राहणार. सैतान पुतळ्यापाशी येतो, कान देतो, आणि आत काळजाची धडधड चालूच असते. तो चाबकानं त्या दगडाला मारत सुटतो, ओरडतो. धडधड थांबत नाही.

आईनं मला आवाज मोठा करायला सांगितला.