शरदातले पित्त आणि मनुका: कुत्र्याच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मिरजेहून आत्याचा फोन आला. मोत्याला पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या, तो पाण्याच्या भांड्याकडेही पाहत नव्हता, आणि स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर पडलेल्या उलटीत फुगलेल्या काळ्या मनुकांच्या साली स्पष्ट दिसत होत्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला, ऑक्टोबर हीटमध्ये घरच्या कुत्र्याची काळजी कशी घ्यावी हे सांगणारा संदेश वाचून तिने सलग दोन रात्री वाटीत दहा-दहा मनुका भिजवल्या होत्या आणि सकाळी त्या पाण्यासकट मोत्याच्या भातात कालवल्या होत्या. तोच संदेश मला त्या आठवड्यात आणखी चार ठिकाणांहून आला, म्हणून त्याचे उत्तर लिहिणे भाग आहे.

संदेशात पाच सल्ले आहेत. शरदात पित्त वाढते म्हणून कुत्र्याला रोज भिजवलेल्या मनुका द्याव्यात. अंगावरचे केस पूर्ण काढून टाकावेत. गोचिडांवर रॉकेल चोळावे. फिरायला सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा न्यावे. आणि दिवाळीत फटाक्यांच्या रात्री माणसांची झोपेची अर्धी गोळी द्यावी. यांतला चौथा सल्ला बरोबर आहे. बाकीच्यांतला पहिला सर्वांत घातक आहे, कारण तो आपल्या ओळखीच्या घरगुती उपायाचे रूप घेऊन येतो.

शरदात पित्ताचा प्रकोप होतो, हे आपल्या ऋतुचर्येत सांगितलेले आहे आणि भिजवलेल्या मनुका खाऊन अनेक माणसांना बरे वाटते, हेही मी नाकारत नाही. मात्र तो उपाय माणसाच्या शरीरासाठी आहे. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात, हे अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा नियंत्रण केंद्रातील पशुवैद्यकांनी २००१ सालीच नोंदवले होते. नेमके कोणते द्रव्य हे करते, याचा उलगडा मात्र पुढची वीस वर्षे झाला नव्हता. मग मुलांना खेळण्यासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा (प्ले-डो) खाऊन आजारी पडलेल्या एका कुत्र्याची लक्षणे द्राक्षांच्या विषबाधेशी तंतोतंत जुळत असल्याचे याच केंद्रातील पशुवैद्यकांच्या लक्षात आले. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार होता. द्राक्षांतही हेच आम्ल मुबलक असते. २०२१ साली त्यांनी हा निष्कर्ष मांडला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात क्रीम ऑफ टार्टरबरोबर चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्याही नोंदी दिल्या. आपल्या घरांत ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण चिंच-गुळाची आमटी कुत्र्याच्या भातावर ओतण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी.

संदेशात पुढे असे ठासून म्हटले आहे की विष ताज्या द्राक्षात असते, वाळवल्यावर ते उडून जाते. सांगली-तासगावच्या परिसरात वाढलेल्या माणसाने तरी या वाक्यावर विश्वास ठेवायला नको होता. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे तिथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वाळताना उडते ते पाणी. आम्ल मागेच राहते. म्हणजे मूठभर बेदाण्यांत मूठभर द्राक्षांपेक्षा कितीतरी अधिक आम्ल असते. रात्रभर भिजवल्याने त्यातले थोडेफार पाण्यात उतरत असेल, तर आत्याने ते पाणीही भातात घातले होते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, आमचा कुत्रा वर्षानुवर्षे प्रसादाचा शिरा बेदाण्यांसकट खातो, त्याला कधी काही झाले नाही. हे खरे असू शकते. टार्टारिक आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे बदलते, शिवाय प्रत्येक कुत्र्याची सहनशक्तीही सारखी नसते. एवढ्या मनुका चालतात असा सुरक्षित आकडा कोणताही पशुवैद्य देऊ शकत नाही, तो याच कारणामुळे. मागच्या वेळी काही झाले नाही, यावरून पुढच्या वाटीबद्दल काहीही ठरत नाही.

मनुका खाल्ल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत उलट्या सुरू होतात, कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो. मूत्रपिंडांवर परिणाम झाला तर पुढच्या एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि कधी पूर्ण थांबते. म्हणून लक्षणांची वाट पाहत बसू नये. किती मनुका खाल्ल्या, किती वाजता खाल्ल्या आणि कुत्र्याचे वजन किती, एवढी माहिती घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. उलटी करवण्यासाठी घरी मिठाचे पाणी पाजू नये, कारण जास्त मीठ हेच कुत्र्यासाठी विष ठरते. मोत्याला दोन दिवस सलाईन लावावे लागले, मूत्रपिंडे नीट चालतात की नाही हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन रोज तपासावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी त्याने चार घास भात खाल्ला तेव्हा आत्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच रडली. तिने हे प्रेमापोटी केले होते, आणि अशा संदेशांचा मला सर्वाधिक राग येतो तो यासाठीच.

केस काढण्याबद्दल थोडक्यात सांगतो. लॅब्राडोर किंवा स्पिट्झ यांच्यासारख्या दुहेरी केसांच्या, म्हणजे वर राठ केस आणि खाली मऊ लव असलेल्या कुत्र्यांना हा केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो. पावसाळ्यानंतर गळणारे केस रोज विंचरून काढले म्हणजे पुरते. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्र्याने अंग चाटले की ते पोटात जाते, उलटीबरोबर फुप्फुसातही शिरू शकते. शिवाय गोचिडांचा खरा प्रश्न अंगावर संपत नाही. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच पूर्ण पिढी वाढवते. मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचा ताप तीच पसरवते. म्हणून डॉक्टरांनी वजन पाहून दिलेले औषध आणि कोपरे, फटी, अंथरूण यांची सफाई, दोन्ही एकदमच करावे लागते.

माणसांची झोपेची गोळी कुत्र्याला अंदाजाने कधीही देऊ नये. ज्याला फटाक्यांची फार भीती वाटते, त्याच्यासाठी पशुवैद्याकडे वेगळी औषधे असतात आणि त्यांची मात्रा दिवाळीच्या आधीच ठरवून घ्यावी लागते. आत्याने या वर्षी मोत्याचे अंथरूण देवघराशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत हलवले आहे, फटाके सुरू होण्याआधी ती त्याला फिरवून आणते, दार लोटून रेडिओ लावते आणि त्याच्याजवळ बसते. लाडवांचा डबा आणि मनुकांची बरणी आता फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर असते.