मुरूम, मोबाइल आणि खोबरेल
मराठी भाषेने रस्त्यावर टाकायच्या खडीमातीला आणि चेहऱ्यावर येणाऱ्या फोडांना एकच नाव का देऊन ठेवले आहे, हे मला वयाच्या ३३व्या वर्षी कळले. तारुण्यपीटिका हा शब्द लागू होण्याची मुदत उलटून गेल्यावर माझ्या कपाळावर आणि हनुवटीवर इतका मुरूम पडला की फक्त रोडरोलर फिरवायचा बाकी होता.

आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावातून चिपळूणला त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे म्हणजे एसटीच्या भरवशावर अख्खा दिवस मोडतो. सरकारने मात्र २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून माझ्यासारख्या आळशी रुग्णांची सोय करून ठेवली होती. तेव्हा मी घरबसल्या पैसे भरले आणि समोरून, डावीकडून व उजवीकडून असे तीन फोटो पाठवले. दोन तासांनी डॉक्टरांचा निरोप आला : ‘त्वचा निरोगी दिसते. तक्रार नेमकी काय आहे?’

माझ्या मोबाइलने न विचारता सगळे मुरूम पुसून, वर मला जराशी गोरीही केली होती. एरवी मी त्याचे आभार मानले असते. पण पैसे भरून आजारी ठरण्याची धडपड करणाऱ्या माणसाला सौंदर्याचा असा जुलूम सहन होत नाही. ती सोय बंद करून मी पुन्हा फोटो काढले, तेव्हा कुठे मला रुग्णाचा दर्जा मिळाला. सकाळी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री ०.१ टक्के अॅडॅपलीनचे जेल, तेही सबंध चेहऱ्याला मिळून मटाराएवढे, आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे, असे औषध ठरले.

मटार म्हणजे सोललेला ओला की भिजवून टम्म फुगलेला वाटाणा, हे त्या चिठ्ठीत नव्हते. मी उसळीला पुरेल इतके जेल लावले. आठवड्याभरात गालांचे पापुद्रे निघू लागले आणि बेंझॉइल पेरॉक्साइडने आईच्या ठेवणीतल्या जांभळ्या अभ्र्यावर पांढरे नकाशे काढले. आईच्या मते औषध लागू पडत होते, फक्त अभ्र्याला.

जेलचे माप आटोक्यात आणल्यावर तिसऱ्या महिन्यात हनुवटी शहाणी झाली, पण कपाळ हटून बसले. फोटोवर फोटो गेले. उत्तर एकच आले, ‘प्रत्यक्ष दाखवून घ्या.’ अखेर मी एसटी पकडली.

दवाखान्यात दोन तास बसल्यावर, ‘तुलाही?’ अशा नजरेने एकमेकींकडे बघणाऱ्या मुलींच्या रांगेतून मी आत गेले. डॉक्टरीणबाईंनी काहीही विचारण्याआधी माझ्या केसांच्या कडेने कपाळावरून बोट फिरवले, ते अंगठ्यावर घासले आणि म्हणाल्या, “तेल रोज लावता?” तीन महिने जी चकाकी फोटोत ट्यूबलाइटची समजली जात होती, ती आमच्याच माडांच्या खोबरेलाची होती. हे तेल कपाळावर उतरते आणि तिथली रंध्रे बुजवते. मग त्यांनी कोंडा तपासला, खाज सुटते का ते विचारले आणि पर्स रिकामी करायला लावली. त्यातून मावशीने दिलेली ‘उजळपणाची’ ट्यूब निघाली. तिच्यावर बारीक अक्षरांत स्टिरॉइडचे नाव होते. ट्यूब कचऱ्यात गेली. मोबाइलला माझा चेहरा दाखवता येत होता. पर्स दाखवण्याची बुद्धी ना त्याला झाली, ना मला.

हे सगळे सहा मिनिटांत आटोपले. आता पुढची तपासणी व्हिडिओवर चालेल, असे बाईंनीच सांगितले. आजार एकदा हाताने ओळखला की त्यानंतर नुसती नजर पुरते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि एसटीचे दोन्ही वेळचे धक्के खाल्लेल्या मला ते तत्काळ पटले.

महिन्याने ठरल्या वेळी मी खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांनी आणि स्वच्छ कपाळाने मोबाइलसमोर बसले. बाई समाधानाने बघत होत्या. अचानक त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तुमच्या मागे कोण उभे आहे? आणि त्यांच्या हातात ती वाटी कसली?”

मी वळेपर्यंत आई पुढे सरसावली होती.

“घाण्याचं शुद्ध आहे हो, डॉक्टर. तुम्हाला पाठवू का एक बाटली?”