एअरबॅगचा दिवा ‘घालवण्याचे’ उपाय

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: ‘एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर घाबरू नका, सेन्सरचं नाटक असतं. एअरबॅग चालूच असते. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा. नाही गेला तर सीटखालची पिवळी वायर हलवा. तरीही नाही, तर मीटरमधला बल्ब काढा. गॅरेजवाले उगाच मॉड्यूल बदलायला लावतात.’ शेवटचं वाक्य कधीकधी खरं ठरतं, म्हणून बाकीचंही खपून जातं.

‘एअरबॅग चालूच असते.’ कशावरून? चावी फिरवली की दिवा काही सेकंद लागतो. तेवढ्यात मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आपली सर्किटं तपासतं. विझला नाही म्हणजे बिघाड सापडला. मग काही गाड्यांत तेवढंच सर्किट बंद होतं, काहींत सगळी यंत्रणा. तुमच्या गाडीत काय झालंय, ते नुसत्या दिव्यावरून कळत नाही. सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनरही याच मॉड्यूलवर चालतो.

‘बॅटरी काढा.’ बिघाड सापडला की मॉड्यूल त्याचा कोड नोंदवून ठेवतं आणि तो वीज तोडली तरी मेमरीत राहतो. बॅटरी खरंच उतरली असेल आणि त्यामुळे कोड आला असेल, तर बॅटरीचा बंदोबस्त करा.

‘पिवळी वायर हलवा.’ इथे सांगणाऱ्याला अर्धं माहीत आहे. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल होणं हे नेहमीचं कारण. नवी सीट कव्हरं बसवली, गाडी आतून धुतली, सीटखाली छत्री-बाटल्या कोंबल्या, की तो ओढला जातो. पण चावी चालू ठेवून तिथे हात घालायचा नसतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, कारण मॉड्यूलच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्याइतका चार्ज उरलेला असतो. (बॅटरी काढण्याचा खरा उपयोग हा!) कनेक्टर सोडवून थेट बॅगेलाच मल्टिमीटर लावणारे वायरमनही मी पाहिलेत. मल्टिमीटरमधूनही थोडा करंट जातो, आणि तिच्या इग्नायटरला (बॅग उडवणाऱ्या ठिणगीच्या भागाला) पेटायला फार करंट लागत नाही. जाणकार माणूस बॅगेच्या जागी साधारण २ ओहमचा रेझिस्टर लावतो, म्हणजे मॉड्यूलला बॅग जोडलेलीच वाटते. कोड पुसल्यावर परत आला नाही तर दोष बॅगेत, आला तर वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये.

दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील, तर आधी क्लॉक स्प्रिंग बघावी. स्टिअरिंगमागे गुंडाळत-उलगडत राहणारी ही पट्टी तुटली, की ड्रायव्हरच्या बॅगेकडे जाणारी वाटच बंद. सल्ल्यात तिचं नावही नाही. स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून ‘कोडच नाही’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका; ते बहुधा इंजिनाचे ‘पी’ कोड वाचतात, एअरबॅगचे कोड ‘बी’ने सुरू होतात.

राहिला बल्ब. भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात सर्रास दिसतात. मी सौद्याआधी चावी फिरवून बघतो. दिवा लागलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर नेमका विझला (म्हणजे त्याची वायर त्या दिव्याला जोडलेली), तर कुणीतरी असला उपाय आधीच केलेला असतो. किंमत विचारायच्या आत चावी परत देतो.